लिफ्ट केलेल्या थारचं व्हील अलाइनमेंट: मशीन काय सांगतं, फोन काय सांगतो आणि 'हिरवं' दिसलं तरी गाडी का खेचते?

माझं आजोळ वज्रेश्वरी. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाला. देवीच्या दर्शनाला किंवा अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर तुमच्यापैकी बरेच जण येऊन गेले असतील, आणि येताना इथल्या रस्त्याला दोन शिव्याही घातल्या असतील. शिरसाडकडून या किंवा अंबाडीकडून या, पावसाळ्यात खड्डे दोन्हीकडे सारखेच भेटतात. त्यात भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रेलर.

माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, गेल्या वर्षी सेकंडहँड थार घेतली. २०१५ची, सीआरडीई. आधीच्या मालकाने ती 'उचललेली' होती: मागे जादा पाटा आणि लांब शॅकल, पुढे टॉर्शन बार आवळलेले, खाली २४५/७५ आर १६चे ऑल-टेरेन टायर. दादा खूश. आषाढात एकदा तो आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिवंडीला घेऊन निघाला, मी मागच्या सीटवर. अंबाडी सोडून पुढे आलो, वेग जेमतेम साठ. डावं चाक एका खड्ड्यातून गेलं आणि गाडी सरळ उजवीकडे सुटली. समोरून ट्रेलर येत होता. दादाने स्टेअरिंग ओढलं, गाडी परत आली, ट्रेलरवाला हॉर्न वाजवत निघून गेला. आजीला काय झालं ते कळलंच नाही, ती म्हणाली, "सावकाश चालव रे बाबा." दादा पुढची दहा मिनिटं गप्प होता.

गंमत अशी की महिन्याभरापूर्वीच आम्ही अलाइनमेंट करून घेतलं होतं. प्रिंटआउट डॅशबोर्डच्या कप्प्यात होता आणि त्यात टोचा आकडा हिरवा होता. मग गाडी सुटली कशी? ते शोधताना जे शिकलो ते इथे लिहितोय. तुमची गाडी थार, जिमनी, जिप्सी किंवा एखादा पिकअप असेल आणि सस्पेन्शनला हात लावलेला असेल, तर हे वाचून ठेवा.

तीन कोन, आणि प्रत्येकाची वेगळी खोड

अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ करणं, असं आपण मोघम बोलतो. खरं तर मोजायचे असतात तीन कोन.

टो म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं आत वळलेली आहेत की बाहेर. आपण चालताना पावलं आत टाकतो किंवा फेंगडी टाकतो, तसंच. टायर सगळ्यात जास्त खातो तो हा कोन. हिशेब साधा आहे. एक चाक अर्धा अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे ८.७ मीटर आडवं घासत जातं. शंभर किलोमीटरमध्ये ८७० मीटर! टायरवर हात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. आणि चाकं बाहेर वळलेली असतील, म्हणजे टो-आउट असेल, तर गाडी रस्त्यावर एका जागी ठरत नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक उंचवटा तिला नवीन दिशा दाखवतो.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक वरून बाहेर झुकलंय (पॉझिटिव्ह) की आत (निगेटिव्ह). थोडाफार कॅम्बर टायरला फार त्रास देत नाही. पण डावी-उजवीकडे फरक असेल तर गाडी खेचते, आणि खेचते ती जास्त पॉझिटिव्ह कॅम्बर असलेल्या बाजूला.

कॅस्टर समजायला थोडा अवघड. सायकलचा पुढचा फोर्क आठवा. तो सरळ उभा नसतो, मागे रेललेला असतो. म्हणूनच वेगात हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीत चाक ज्या अक्षावर वळतं, तो अक्ष असाच मागे रेललेला असतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येतं ते प्रामुख्याने कॅस्टरमुळे. कॅस्टर कमी पडला की स्टेअरिंग हलकं, निर्जीव लागतं आणि हायवेवर सतत छोट्या-छोट्या दुरुस्त्या करत बसावं लागतं. कॅस्टर एकट्याने टायर खात नाही, त्यामुळे तो कुणी तपासतही नाही. माझ्या मते लिफ्ट केलेल्या गाडीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा आकडा हाच.

गाडी उचलली की नेमकं काय बिघडतं?

हे सस्पेन्शन कुठल्या जातीचं आहे त्यावर ठरतं. यूट्यूबवर कुणी सांगितलेला उपाय दुसऱ्याच जातीच्या गाडीवर केला तर पैसे वाया.

जुन्या सीआरडीई थारमध्ये (२०१० ते २०२०) पुढे दोन आर्मचं इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार असतो. हा चेसिसला समांतर जाणारा लांब पोलादी दांडा. तो पिळला जातो आणि तेच स्प्रिंगचं काम. त्याच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की पुढची बाजू उचलली जाते. पाना आणि दहा मिनिटं, नवीन पार्टचा खर्च नाही, म्हणून गल्लोगल्ली हा 'लिफ्ट' होतो. पण बार आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिचा ताठरपणा तितकाच राहतो, फक्त उंची बदलते. मग गाडी कडक का लागते? कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. आर्म आधीच खाली लोंबलेले, खड्ड्यात चाक थोडं उतरलं की थेट स्टॉपरवर धडकतं. आपल्याला वाटतं, वा, काय दणकट सस्पेन्शन झालंय!

आर्म खाली झुकले की कॅम्बर बदलतो. टाय रॉडसुद्धा तिरका होतो. तिरक्या काठीची आडवी लांबी सरळ काठीपेक्षा कमी असते ना, तसंच. त्यामुळे तो चाकाला आत ओढतो. टाय रॉड ॲक्सलच्या मागच्या बाजूला असेल तर बहुतेकदा चाकांची तोंडं बाहेर वळतात. आणखी वाईट म्हणजे तिरका टाय रॉड खड्ड्यागणिक टो बदलत राहतो. स्टेअरिंग तुम्ही धरलेलं असतं, पण चाक स्वतःहून वळतं. याला बंप स्टीअर म्हणतात, आणि कुठलंही मशीन हे उभ्या गाडीत दाखवत नाही.

२०२०ची नवीन थार पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंगवर आहे. तिथे टॉर्शन बारचा प्रश्न नाही, पण स्पेसर घालून उचललं तरी आर्म आणि टाय रॉड तसेच खाली झुकतात.

जिमनीची गोष्ट वेगळी. तिला पुढे-मागे सलग ॲक्सल आहे, कॉइल स्प्रिंगवर. मूळ रचनेत तिच्या पुढच्या ॲक्सलचा कॅम्बर-कॅस्टर फिरवायला काही सोयच नाही, फिरवता येतो तो फक्त टो. उचलल्यावर ॲक्सलला धरणारे आर्म फिरतात, त्यांच्याबरोबर ॲक्सलही गोल फिरतो आणि कॅस्टर घटतो. त्यासाठी छिद्र मध्यापासून सरकवलेले खास बुश मिळतात. शिवाय ॲक्सलला आडवा धरणारा रॉड असतो, त्याची लांबी तीच राहिली की सगळा ॲक्सल एका बाजूला सरकतो. मागून चालत येऊन पाहिलं तरी दिसतं, एक टायर जास्त बाहेर आलेला.

जिप्सी आणि जुन्या जीप पाट्यांवरच्या. तिथे कॅस्टर सुधारायला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तासलेली पट्टी घालतात. साधा, स्वस्त आणि चांगला उपाय. लांब शॅकलबद्दल मात्र एक हिशेब लक्षात ठेवा: शॅकल ५० मिमी लांब केला तर गाडी ५० नाही, साधारण २५ मिमीच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं.

आता आमचा खरा घोळ. जुन्या थारच्या दोन्ही ॲक्सलमधलं अंतर आहे २४३० मिमी. मागची बाजू पुढच्यापेक्षा ३५ मिमी जास्त उचलली, तर सगळी गाडी नाकावर झुकते, आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो: सुमारे ०.८ अंश. पुढच्या चाकांना कुणी हातही लावलेला नसताना! 'मागून उंच' गाडी फोटोत झकास दिसते. कॅस्टर त्याची किंमत मोजतो.

मशीन काय बघतं?

पूर्वी चाकांवर इन्फ्रारेड सेन्सरचे डबे लावायचे. आता बहुतेक ठिकाणी 'थ्रीडी' मशीन असतं. चारही चाकांना ठिपक्यांच्या नक्षीच्या पाट्या लावतात आणि समोरचे कॅमेरे त्या पाट्या बघतात. पाटी तिरकी झाली की गोल ठिपके लंबगोल दिसतात, त्यावरून कॉम्प्युटर तिचा कोन काढतो. तुमच्या फोनमधलं डॉक्युमेंट स्कॅनर ॲप तिरका कागद सरळ करतं, तेच गणित, फक्त कितीतरी जास्त अचूक.

सुरुवातीला गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात. ते उगाच नसतं. रिम थोडी वाकडी असेल किंवा क्लॅम्प तिरका बसला असेल, तर पाटी चाकाबरोबर डुलते. ते डुलणं बघून मशीन चाकाचा खरा अक्ष काढतं. घाईत ही पायरी उडवली, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद. जाड कडांच्या मड-टेरेन टायरवर क्लॅम्प नीट बसत नाही, तिथे तर हे जास्तच महत्त्वाचं.

कॅस्टर मात्र नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी चाकं ठरावीक अंश डावीकडे आणि मग उजवीकडे वळवावी लागतात. त्या वळणात कॅम्बर किती बदलला, त्यावरून कॅस्टर निघतो. दोन मिनिटांचं काम, पण गर्दीच्या वेळी हमखास वगळलं जातं. प्रिंटआउटवर कॅस्टरच्या रकान्यात रेघ असेल, तर समजून जा.

आता हिरव्या-लाल रंगाचा मुद्दा. मशीनमध्ये प्रत्येक मॉडेलचे कंपनीने दिलेले आकडे साठवलेले असतात. तुमचा आकडा त्या हद्दीत असेल तर हिरवा, बाहेर असेल तर लाल. मशीनला तुमची लिफ्ट, मोठे टायर, विंच काहीही माहीत नसतं. म्हणून हिरवं म्हणजे 'स्टॉक गाडी असती तर ठीक', इतकंच. आमच्या प्रिंटआउटवर टो हिरवा होता आणि दोन्ही कॅम्बर लाल. विचारलं तर उत्तर मिळालं होतं, "लिफ्ट गाडीला असंच असतं." आम्ही मान डोलावून पैसे दिले.

पण सगळा दोष त्या दुकानावर टाकणं बरोबर नाही. अलाइनमेंटनंतर पंधरा दिवसांनी दादाने पुढे लोखंडी बंपर बसवला. वजनाने गाडी पुढून बसली, म्हणून त्याने टॉर्शन बार दोन-दोन आटे आणखी आवळले. अंगणात, स्वतः. उंची बदलली की टो बदलतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. कप्प्यातला हिरवा कागद त्याच दिवशी रद्दी झाला होता.

फोनने तपासणी, अंगणात

मामाच्या घरासमोर कोबा केलेलं अंगण आहे. दिसायला सपाट. गवंडी वापरतो त्या पाण्याच्या नळीने तपासलं तर गाडीच्या रुंदीत १४ मिमीचा उतार निघाला. म्हणजे जवळजवळ अर्धा अंश! तेवढा उतार वजा केला नाही, तर एका चाकाचा कॅम्बर अर्धा अंश जास्त आणि दुसऱ्याचा अर्धा अंश कमी दिसेल. आम्ही बसक्या बाजूच्या चाकांखाली पत्र्याचे तुकडे सरकवले. उतार नुसता वजा करूनही चालतं.

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो: सिलिकॉनचं अतिसूक्ष्म वजन, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं. गुरुत्वाकर्षण त्याला कुठे ओढतं यावरून फोनला खाली कुठे आहे ते कळतं. थोडक्यात, तुमच्या खिशात पाणसळ आहे. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल असते, पण ती पूर्ण अंशात आकडा देते. आपल्याला दशांश हवा. मी फायफॉक्स वापरलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बनवलेलं मोफत ॲप, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात इन्क्लिनेशन हा पर्याय घ्या.

फोन थेट टायरला लावू नका, टायर खाली फुगलेला असतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी उभी धरा आणि फोनची बाजूची कड तिला लावा. कव्हर काढून. मागची बाजू लावू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन डगमगतो. एक माप घेतल्यावर फोन उलटा करून (डोकं खाली) दुसरं घ्या आणि दोन्ही मापांचा उभ्या रेषेपासूनचा झुकाव काढून सरासरी करा, म्हणजे फोनची स्वतःची चूक बरीचशी कटते. आमचा निकाल: डावीकडे ०.६ अंश, उजवीकडे १.४ अंश, दोन्ही पॉझिटिव्ह. फरक ०.८. गाडी उजवीकडे का सुटली याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

मग चाकाच्या केंद्रापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. उजवी बाजू १२ मिमी उंच. दोन-दोन आटे सारखे आवळले म्हणून उंची सारखी होत नाही. बोल्ट आधी कुठे होता हे कुणी बघितलं होतं?

टो मोजायला फोनची गरज नाही. चाक जमिनीपासून उचलून फिरवा आणि टायरच्या मधोमध खडूने बारीक रेघ मारा, दोन्ही चाकांना. गाडी खाली उतरवून थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसतं. स्टेअरिंग सरळ ठेवून दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढून आणि मागून मोजा, दोन्ही वेळा केंद्राच्या उंचीवर. मध्ये इंजिनखालचे भाग आडवे येतात, म्हणून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि त्या मोजल्या. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ७ मिमी जास्त निघालं. म्हणजे टो-आउट, तोही सणसणीत. ७७४ मिमी व्यासाच्या टायरवर हे झाले दोन्ही मिळून साधारण अर्धा अंश.

कॅस्टरसाठी चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत पत्रे, मध्ये ग्रीस. चाक २० अंश एका बाजूला, मग २० अंश दुसऱ्या बाजूला, दोन्ही वेळी कॅम्बर नोंदवा आणि फरकाला दीडने गुणा. आमचा डावा १.२ आला. नंतर मशीनने १.३ सांगितला. मला स्वतःला इतक्या जवळ येईल असं वाटलं नव्हतं. तरी फोनवर विसंबून आटे फिरवू नका. फोन बिघाड दाखवायला चांगला, सेटिंग करायला नाही.

आणि हो, गाडी उचलताना जॅकखाली सपाट फळी आणि चेसिसखाली स्टँड असल्याशिवाय खाली डोकं घालू नका. टॉर्शन बारचा बोल्ट भाराखाली असतो. तो सैल करण्याचा प्रयोग व्हिडिओ बघून करू नका.

थरथर म्हणजे अलाइनमेंट नाही

बरेच जण स्टेअरिंग थरथरतं म्हणून अलाइनमेंट करून घेतात. थरथर बहुतेकदा बॅलन्सिंगची किंवा वाकड्या रिमची असते. फायफॉक्स इथेही कामाला येतं. फोन डॅशबोर्डला घट्ट चिकटवा, ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रम लावा आणि शेजारी बसलेल्याला बघू द्या, चालवणाऱ्याने अजिबात नाही. ७७४ मिमीच्या टायरचा घेर २.४३ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं. आलेखात ९ हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं आणि वेग कमी केल्यावर ते खाली सरकलं (६० ला सुमारे ७), तर दोष चाकात आहे. वेग जीपीएसवरून घ्या. मूळ २३५/७० आर १६च्या जागी मोठे टायर असल्याने आमच्या गाडीचं मीटर टायर बदलण्याआधी दाखवायचं त्यापेक्षा पाच टक्के कमी दाखवतं.

सलग ॲक्सलच्या गाडीत मात्र खड्ड्यानंतर स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं जोरात हादरत असेल, तर तो वेगळा आणि धोक्याचा आजार. त्यात आडव्या रॉडचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग सगळं तपासावं लागतं. त्याआधी अलाइनमेंटला पैसे घालू नका.

शेवटी कसं केलं

दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा आधीच फोन करून विचारलं: कॅस्टर मोजता का, शिम बदलून देता का, आणि अर्धा दिवस द्याल का? दोघांनी नाही म्हटलं, तिसरा म्हणाला, "सकाळी लवकर या." गाडी नेताना रोजच्या वजनानिशी नेली. डिझेल अर्ध्यावर, स्टेपनी, टूलबॉक्स, बंपर सगळं जागेवर, टायरमध्ये हवा सारखी.

मिस्त्रीने आधी चाकं धरून हलवली. उजवा टाय रॉड एंड सैल. तो बदलल्याशिवाय मशीनवर घेणार नाही म्हणाला, आणि मला तिथेच माणूस पटला. मग उंची: मागचा लांब शॅकल काढून मूळचा घातला, जादा पाटाही काढला, मागची बाजू ३५ मिमी उतरली. दादाचं तोंड पडलं, पण आजीच्या समोर काय बोलणार! पुढे दोन्ही टॉर्शन बार सैल करून उंची समान केली. काढलेल्या रबरी बुशचे बोल्ट त्याने गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

त्यानंतर क्रम असा: कॅस्टर, कॅम्बर, सर्वांत शेवटी टो. उलटा करून चालत नाही, कारण पहिले दोन बदलले की टो पुन्हा बदलतो. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे शिम असतात. दोन्ही बोल्टांमागे सारख्या बदलल्या की कॅम्बर, एकीकडे कमी दुसरीकडे जास्त केल्या की कॅस्टर. शेवटचे आकडे: कॅस्टर डावा २.७, उजवा २.४. कॅम्बर ०.३ आणि ०.२. टो-इन दोन्ही मिळून २ मिमी. कॅस्टरमधला फरक मुद्दाम ठेवलाय. आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, त्यामुळे गाडी डावीकडे ओढ घेते. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला जाते, म्हणून उजवा थोडा कमी. हे आकडे आमच्या गाडीचे आहेत, जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली हद्द आणि लिफ्ट किट बनवणाऱ्याने दिलेले आकडे, दोन्ही घेऊन जा.

मागचा ॲक्सल गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात आहे की नाही, हेही त्याने बघितलं. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आमचा ठीक निघाला. नवीन गाड्यांत ईएसपी असेल तर अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने पुन्हा ठरवावा लागतो. जुन्या थारला ती भानगड नाही.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी सस्पेन्शनकडे बोट दाखवू शकते. लिफ्ट करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे माहीत असू द्या. दादाने मागची उंची उतरवायला होकार दिला त्यात या परिच्छेदाचाही वाटा आहे.

नवीन स्प्रिंग किंवा पाटे बसवले असतील तर ते पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात, उंची उतरते. म्हणून ५०० किलोमीटरला पुन्हा मोजणी करायची, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. आमची मोजणी गेल्या रविवारी झाली, त्याच अंगणात, तेच पत्रे आणि तेच ओळंबे घेऊन. टो २ मिमीच्या जागी अडीच, मडगार्डची उंची दोन्हीकडे समान. आजीची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. दादाने सांगून ठेवलंय, थारच नेणार.